दिलेला शब्द आणि विकलेली जमीन

श्रोतेहो, आपल्याकडे खरेदीखत लिहिण्याची एक जुनी रीत आहे. जमिनीच्या चतुःसीमा सांगून झाल्या म्हणजे लेखक मोठ्या थाटाने लिहितो की, सदर मिळकत तदंगभूत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह विकली आहे. विहिरीतील पाण्यापासून तो भूमीत पुरलेल्या धनापर्यंत सर्व काही नव्या धन्याच्या पदरी पडते. परंतु जुन्या धन्याने त्या जमिनीविषयी शेजाऱ्यास किंवा गावास जो शब्द दिलेला असतो, त्याचा उल्लेख या यादीत सहसा सापडत नाही. तो शब्द जमिनीबरोबर पुढे जातो, की देणाऱ्याच्या मागे निराधार होतो? ज्याने वचन दिलेच नाही, त्याने ते का पाळावे? हा प्रश्न मला ग्रंथातून सुचलेला नाही. तो मला का पडला हे मी भाषणाच्या अखेरीस सांगणार आहे. तत्पूर्वी आपल्या खानदेशात आणि खानदेशाबाहेर या प्रश्नाला लोकांनी काय उत्तरे दिली, ती क्रमाने पाहू.

सर्वांत जुन्या उत्तरासाठी आपण चाळीसगावजवळच्या पाटण्यास जाऊ. पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला व तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे व इतर ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने तेथे एक मठ स्थापिला. निकुंभ वंशातील सोइदेव नावाच्या स्थानिक राजाने त्या मठास शके ११२८ मध्ये दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण बाजारातील मालावर व तेल्याच्या घाण्यावर मठाला काय द्यावयाचे, हा भाग त्या काळच्या मराठीत खोदलेला आहे. यातले मर्म ध्यानात घ्यावे. प्रशस्ती विद्वानांसाठी होती, ती संस्कृतात राहिली. वचन मात्र ज्यांनी पाळावयाचे त्या वाण्यातेल्यांसाठी होते, म्हणून ते त्यांच्या बोलीत लिहिले गेले. दुसऱ्याला बांधणारा शब्द त्याला समजेल अशा भाषेत व त्याच्या दृष्टीस पडेल अशा जागी असावा, हे तत्त्व आठशे वर्षांपूर्वी आपल्या या भूमीत माहीत होते.

परंतु समजणे वेगळे आणि पाळणे वेगळे. दान देणारा राजा आज आहे, उद्या नाही. त्याच्यामागून येणारा राजा ते दान हिरावून घेईल ही भीती प्रत्येक दात्याला असे. म्हणून ताम्रपटांच्या शेवटी भावी राजांना विनवणी असे आणि तिच्या पाठोपाठ शापही असे. भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो व ते हरण करणारा तितकीच वर्षे विष्ठेतील कृमी होतो, अशा आशयाचे श्लोक देशभरच्या ताम्रपटांत आढळतात. कोकणात शिलाहारांच्या काळी याच हेतूने गधेगाळीचे दगड रोवीत; त्यांवरील चित्र इतके ग्राम्य असे की निरक्षरालाही धाक बसावा. पुढे मराठेशाहीच्या सनदांतून हिंदूला गाईची व मुसलमानाला सुवराची शपथ घातलेली दिसते. म्हणजे त्या काळी नव्या धन्याला बांधण्याचे साधन पापाचे भय हे होते. ज्याला पापाचे भय नाही, त्याच्यापुढे हे साधन लुळे पडे. पाटण्याचा मठ आज नाही, त्याचे उत्पन्न नाही; शिळा मात्र राहिली.

दुसरे उत्तर आपल्या शेतकऱ्यांनी दिले, आणि माझ्या मते ते अधिक चतुर आहे. धुळे जिल्ह्यातील पांझरा, कान, बुराई या नद्यांवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी घेण्याची पद्धत काही शतकांची जुनी आहे. तिला फडपद्धत म्हणतात. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सर्व क्षेत्रास थळ म्हणत व त्या थळाचे बहुधा चार फड पाडीत. एका फडात एका हंगामी एकाच प्रकारचे पीक घ्यावयाचे, हा नियम. एका फडात बारमाही ऊस, दुसऱ्यात खरिपाचे, तिसऱ्यात रब्बीचे पीक, अशी योजना असे व ती वर्षावर्षाने फिरत जाई. कोणत्या फडात काय लावावयाचे हे एकट्या शेतकऱ्याने ठरवावयाचे नसून सर्व बागाईतदारांनी मिळून ठरवावयाचे असे. पाणी थोडे असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवीत.

येथे कोणी विचारील की, ज्याची जमीन नेमकी कोरड्या फडात आली तो उपाशी मरेल काय? याची तजवीज पद्धतीतच होती. एकेका कुटुंबाची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर प्रत्येकाचा थोडा तोटा होई, पण कोणा एकाचाच सर्वनाश होत नसे. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे, उभ्या पिकाची राखण जागल्या करी आणि या सर्वांवर देखरेख हवालदाराची असे. पाट साफ करणे, फुटका बांध सावरणे ही कामे सर्वांनी मिळून करावयाची, व त्यातून कोणाची सुटका नसे.

आता आपल्या प्रश्नाकडे या. फडातील जमीन विकली तर घेणाऱ्याने काय करावे? त्याने बैठकीत शब्द दिलेला नव्हता. तरीही त्याला त्या फडाचे पीक, त्या फडाची पाळी आणि पाट उपसण्याचे काम, सर्व पतकरावे लागे. उसाच्या फडात तो मनास येईल ते पेरू म्हणाला तर पाटकरी पाणी कोणत्या हिशेबाने देणार? आणि पाटाच्या पाण्यावाचून त्या जमिनीचे मोल ते काय? म्हणजे शापाची गरजच उरली नाही. वचन पाण्यात विरघळलेले होते. जो पाणी घेई तो वचनही घेई. पुढे जगद्विख्यात झालेले अभियंते मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत प्रवेश केला आणि त्यांच्या उमेदवारीचा काही काळ धुळ्याकडे गेला. त्यांनी पुढे नीरा कालव्यावर जी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचविली, तिचे फडाशी असलेले साम्य जाणत्यांच्या सहज ध्यानात येते.

तिसरे उत्तर न्यायालयांनी दिले, व त्यासाठी आपल्याला लंडनपर्यंत जावे लागेल. तेथे लेस्टर स्क्वेअर नावाचा चौक आहे व त्याच्या मधोमध बाग आहे. १८०८ मध्ये टल्क नावाच्या मालकाने ती बाग विकली. चौकाभोवतालची काही घरे त्याने स्वतःकडे ठेविली होती. म्हणून त्याने घेणाऱ्याकडून लिहून घेतले की, या जागेवर इमारत बांधू नये, ती बाग म्हणूनच सांभाळावी. बाग हस्तांतरित होत होत मॉक्सहे नावाच्या गृहस्थाकडे आली. त्याच्या खरेदीखतात ही अट नव्हती. मात्र जुन्या कराराची त्याला माहिती होती. तो बांधकाम करू लागताच टल्क न्यायालयात गेला, आणि १८४८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी निकाल दिला की, अट ठाऊक असूनही जमीन घेणाऱ्यास ती अट मोडता येणार नाही. त्यामागील युक्तिवाद आपल्या बाजारातल्या शहाणपणाचाच आहे. अटीमुळे जमीन स्वस्त मिळावयाची आणि दुसऱ्या दिवशी अट झुगारून ती महाग विकावयाची, यासारखा अन्याय दुसरा कोणता? पुढे १८७४ मध्ये अल्बर्ट ग्रांट नावाच्या धनिकाने ती बाग विकत घेऊन जनतेस अर्पण केली व ती अद्याप बागच आहे.

तथापि इंग्रजी न्यायाची धाव येथेच थांबली. अमुक करू नको, हे वचन पुढील मालकास बांधते. पण अमुक कर, भिंत दुरुस्त ठेव, रस्ता नीट राख, असे खर्चाचे व श्रमाचे वचन त्याला बांधत नाही, असे तेथील न्यायालयांनी १८८१ आणि १८८५ च्या निकालांत ठरविले. जे काम लंडनच्या न्यायाधीशांना अवघड वाटले, ते पांझराकाठचा हवालदार दर वर्षी करवून घेत होता. नवा धनी असो वा जुना, पाट उपसण्यास त्याला यावे लागे. यात न्यायाधीशांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांच्या हाती केवळ कागद होता. हवालदाराच्या हाती पाणी होते, एवढाच भेद.

इंग्रजी अमलात हेच विचार कायद्याच्या रूपाने आपल्याकडे आले. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. त्याच्या चाळिसाव्या कलमाचा आशय असा की, दुसऱ्याच्या मिळकतीचा उपभोग सुखाने व्हावा म्हणून एखाद्या जमिनीच्या वापरावर बंधन असेल, तर ते बंधन माहीत असून ती घेणाऱ्यावर, किंवा ती फुकट मिळालेल्यावर, बजावता येते. मात्र ज्याने मोल देऊन घेतली व ज्याला बंधनाची खबर नव्हती, त्याच्यावर ते बजावता येत नाही. नोंदलेला दस्तऐवज हीच सर्वांना खबर, असेही १९२९ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट झाले. पाटण्याच्या शिळेचे काम आता नोंदणी कचेरीतील वही करू लागली.

१८८२ चाच दुसरा कायदा सुविधाधिकारांचा, ज्याला आपले वकील अजून ईझमेंट म्हणतात. तो आपल्याकडे १८९१ मध्ये लागू झाला. शेजारच्या शेतातून जाण्यायेण्याची वाट, पाण्याचा पाट, खिडकीचा उजेड, असे हक्क एका जमिनीच्या हितासाठी दुसऱ्या जमिनीवर असतात, व ते मालकाच्या नावाला नव्हे तर जमिनीलाच चिकटलेले असतात. जमीन विकली की हक्कही तिच्यामागून जातो. हक्क म्हणून, उघडपणे व अखंड वीस वर्षे वहिवाट केली तर लेख नसताही असा हक्क प्राप्त होतो. परंतु येथे एक मोठी खोच आहे, व प्रत्येक गृहस्थाने ती ध्यानात ठेवावी. केवळ परवानगीने केलेली वहिवाट कितीही वर्षे चालली तरी तिचा हक्क होत नाही. आणि परवानगी देणाऱ्याने जमीन विकली तर घेणारा त्या परवानगीने बांधला जात नाही, असे याच कायद्याचे एकोणसाठावे कलम सांगते. जा हो खुशाल, असे प्रेमाने म्हटलेला शब्द कायद्याच्या तराजूत सर्वांत हलका ठरतो.

आता मी माझ्या गोष्टीवर येतो. आमची थोडी जमीन जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठच्या एका गावी होती. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी तीत विहीर खणावयास घेतली. मजुरीस पैसा नव्हता. शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, आपल्या दोन्ही मुलांसह व बैलजोडीसह पुढे आले आणि विहिरीस पाणी लागेपर्यंत राबले. वडिलांनी त्यांना शब्द दिला की, दर आठ दिवसांनी एक दिवस या विहिरीचे पाणी तुमच्या लिंबांना. कागद झाला नाही. दोघांनाही त्याची गरज भासली नाही. आमच्या बांधावरून नानांच्या शेतात जाणारी चारी खणली गेली, आणि वडील होते तोवर पाळी एकदाही चुकली नाही.

वडील १९८६ साली वारले. १९८९ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी आम्हाला ती जमीन विकावी लागली. घरात लिहितावाचता मी. मी त्या वेळी शाळेत शिक्षक होतो. खरेदीखताचा मसुदा मीच केला. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप हे शब्द मी वळणदार अक्षरांत लिहिले. नानांच्या पाळीचा मजकूर लिहिण्यास लेखणी उचलली, तेव्हा घेणारे गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, हे कागदावर आणाल तर भाव उतरवावा लागेल. माणुसकीने चालू द्यायचे ते मी चालू देईन.” लग्नाची तारीख जवळ आली होती. मी लेखणी पुढे नेली. श्रोतेहो, हे विस्मरण नव्हते. मला पाळी आठवत होती, नानांचे बैलही आठवत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात चारी बुजली. मामलेदारांच्या न्यायालयाविषयी १९०६ चा कायदा आहे. शेतीसाठी वापरात असलेले पाणी कोणी अडविले तर सहा महिन्यांच्या आत तेथे दाद मागता येते. मी नानांना तसे सुचविले व साक्ष देण्याची तयारी दाखविली. नाना म्हणाले, “गुरुजी, शब्द तुमच्या वडिलांचा होता. ते गेले. कोर्टात मी कोणाचे नाव घेऊ?” त्यांनी माझे नाव घेतले नाही, मला दूषणही दिले नाही. दोन वर्षांत लिंबे वाळली. जमीन घेणाऱ्यास मी फारसा दोष देऊ शकत नाही. कागदावर नव्हते ते त्याने पाळले नाही, इतकेच. कागदावर ते नव्हते याचे कारण मी होतो.

या प्रसंगावरून मी असे म्हणावे काय की, दिलेला प्रत्येक शब्द पुढील सर्व धन्यांना अनंत काळ बांधावा? तसे म्हणणे साहसाचे होईल. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९११ मध्ये काही घरमालकांनी आपसांत करार केला की, आमची घरे गौरवर्णीयांखेरीज कोणासही राहण्यास द्यावयाची नाहीत. तो करारही जमिनीबरोबर चालावा अशीच योजना होती. १९४५ मध्ये शेली नावाच्या नीग्रो कुटुंबाने त्यातले एक घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी जुन्या कराराचा आधार घेऊन त्यांना बाहेर काढण्याचा दावा लावला. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, असा करार बजावण्यासाठी सरकारी न्यायालयाचे बळ वापरता येणार नाही. मृत माणसांचा हात जिवंतांच्या मानेवर किती काळ असू द्यावा, यालाही मर्यादा हवी. शेजाऱ्याचे पाणी, वाट, उजेड राखणारे वचन वेगळे आणि शेजारी कोण असावा हे जन्मावरून ठरविणारे वचन वेगळे. पहिले जमिनीच्या सोयीसाठी असते. दुसरे माणसाच्या अपमानासाठी.

आणि न्याय्य वचनालाही मुळाची गरज असते. फडपद्धत आता बहुतेक ठिकाणी क्षीण झाली आहे. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, थळांत विहिरी झाल्या, विहिरींवर पंप बसले. ज्याच्या घरी स्वतःचे पाणी आले त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही, आणि गरज संपताच पाट उपसण्याचे वचनही सैल पडले. यावरून दिसते की, शापाने बांधलेले वचन श्रद्धा असेतो टिकते, फडाचे वचन परस्परांची गरज असेतो टिकते आणि कायद्याने बांधलेले वचन कागद असेतो टिकते. यांपैकी कोणतेही एकच साधन पुरेसे नाही.

आज शहराभोवतालची शेते बिनशेती होऊन त्यांचे प्लॉट पडत आहेत. धुळ्यात काय आणि जळगावात काय, कालच्या चारीवर आज कुंपण उभे राहते. जमीन घेणाऱ्यांनी सातबाऱ्यावरील इतर अधिकारांचा रकाना वाचावा. तेवढ्यावर न थांबता शेतावर जावे, चारी कोठून येते, पायवाट कोणाची आहे, हे शेजाऱ्यांस विचारावे. पायाखाली दिसणारी वाट हीदेखील एक खबरच आहे. आणि विकणाऱ्यांनी, वडिलांनी दिलेला शब्द भाव उतरला तरी खतात लिहावा आणि ते खत नोंदवावे. भाव किती उतरला असता, याचा हिशेब मी पुढे अनेकदा केला. ती रक्कम फार मोठी नव्हती.

नाना आता नाहीत. त्यांच्या मुलांनी ते शेत विकले. मागे एकदा त्या बाजूने जाण्याचा योग आला, तेव्हा बांधावर त्या बुजलेल्या चारीची खूण मला अजून दिसली. इतरांस ती गवताची एक ओळ वाटेल. माझ्या खरेदीखतात जो मजकूर लिहावयाचा राहिला, तो मला तेथे वाचता येतो.